कप्तानबाईचं विसर्जन

कुणकेश्वरच्या देवळाकडे पाठ करून आत वळलं, की आंब्याच्या बागा संपता संपता एक वाडी लागते. तिथे दत्तप्रसाद मेस्त्री राहतो. वय पंचेचाळीस, अंगाने पडवळ आणि स्वभावाने भित्रा. आता जगात भीत कोण नाही? पण इतरांची भीती ठोक भावातली, दत्तूची कलाकुसरीची. भुंकणाऱ्या कुत्र्याला सगळेच भितात. दत्तू झोपलेल्या कुत्र्याला भितो, कारण भुंकणाऱ्याच्या मनात काय आहे ते कळतं तरी. फोन वाजला की तो दचकतो, आणि बराच वेळ वाजला नाही की कुणाचं काय झालं असेल म्हणून घामाघूम होतो. समुद्र हाकेच्या अंतरावर असून आजवर त्याने घोट्याच्या वर पाणी लावून घेतलेलं नाही. त्याची बायको किशोरी लग्नातली गजाल अजून चार माणसांत सांगते, "ह्येच्यो मुंडावळ्यो लटलट हलत होत्यो. माका वाटला, वारो सुटलो."

असा हा माणूस पोटासाठी काय करतो, तर राक्षस रंगवतो.

राक्षस दोन बोटं उंचीचे असतात म्हणून बरं. पुण्या-बंगळुराकडे काही हौशी माणसं आहेत. चांगली शिकलेली, पोराबाळांची. सुट्टीच्या दिवशी ती जेवणाच्या टेबलावर थर्माकोलचे डोंगर मांडतात, त्यावर चिमुकल्या शिपायांच्या फौजा उभ्या करतात आणि दिवसभर फासे टाकत, टेपने अंतरं मोजत एकमेकांच्या फौजा कापून काढतात. मग चहा पिऊन, हात मिळवून आपापल्या घरी जातात. हे शिपाई बिनरंगाचे मिळतात, रंगवायचे ज्याचे त्याने. दत्तूची भाची अपेक्षा पुण्यात शिकायला गेली आणि एका सुट्टीत तिथला एक शिपाई घेऊन आली. "मामा, गणपती रंगवतस ना? ह्यो रंगव बघया." मामाने रंगवला. तो बघून तिकडच्या फौजांमध्ये जी खळबळ उडाली, ती आजतागायत शमलेली नाही.

दत्तूचं नाव झालं ते पेटत्या हत्यारांवर. त्याने तलवार रंगवली की ती तापलेली वाटते, कुऱ्हाड रंगवली की हात मागे घ्यावासा वाटतो. यात गंमत अशी, की हत्यार झगझगीत रंगवून ते पेटत नाही. पेटतं ते आजूबाजूच्या अंधारावर. तलवार हिरवी असेल तर तिचा हिरवा शिपायाच्या गालावर, गुडघ्यावर, पट्ट्याच्या बकलावर कुठे किती सांडेल, हे आधी ठरवायचं, आणि जिथे सांडणार नाही तिथे काळोख शाबूत ठेवायचा. दत्तू याला खोटा उजेड म्हणतो. कोपऱ्यात काय दडलंय या विचाराने ज्याचा जन्म गेला, त्याला काळोख कुठे संपतो हे कोणी शिकवावं लागत नाही.

पुढे पुढे गिऱ्हाइकांना खरा उजेडही हवासा वाटू लागला. त्यासाठी दत्तूने स्वतःची रीत बसवली. मोहरीएवढा दिवा, केसाएवढी तांब्याची तार आणि शिपायाच्या पायाखालच्या चकतीत घड्याळाचा सेल. तलवारीचं पातं मात्र तंगुसाचं. तंगूस म्हणजे मासे धरायची नायलॉनची दोरी. सुरमईसाठी वापरतात तो जाड तंगूस घ्यायचा, मेणबत्तीवर मऊ करून दोन पट्ट्यांत चेपायचा, बारीक पॉलिश पेपरने धुरकट करायचा. खालून दिवा लावला की अख्खं पातं आतून उजळतं. वाडीतला लवू तांडेल त्याला तंगूस आणून देतो आणि दर वेळी विचारतो, "काय रे दत्तू, तुझ्या गळाक काय लागला?"

हे सगळं चालतं वडिलांच्या गणपतीच्या शाळेत. शाळा म्हणजे मूर्तींचा कारखाना. आपल्याकडे त्याला शाळाच म्हणतात. गणपती गेले की फळ्या रिकाम्या होतात आणि त्यांवर दत्तूचे राक्षस बसतात. वडील, काशिनाथ मेस्त्री, ऐंशीच्या घरात. आता मूर्ती करत नाहीत, पण शाळेचा कायदा त्यांच्याकडे आहे. कायदा एका वाक्याचा आहे: डोळे काढेपर्यंत माती, डोळे काढल्यावर देव. म्हणून डोळे काढताना काढणाऱ्याशिवाय कुणी बघायचं नाही. मातीचा हात मोडला तर चिखल लावून जोडावा. डोळे उघडल्यावर मोडला, तर ती मूर्ती भंगली. मग ती घरात ठेवायची नाही. तांबड्या फडक्यात गुंडाळायची, फूल वाहायचं आणि मागच्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कोंडीत, त्या खोल डोहात नेऊन सोडायची.

दत्तूला हा कायदा विलायती राक्षसांनाही लागू पडतो की नाही हे ठाऊक नव्हतं, आणि विचारायची भीती वाटायची. म्हणून त्याने पळवाट काढली होती. कापाकापी, भोकं पाडणं, तारा ओवणं सगळं आधी. डोळे सर्वांत शेवटी. त्यामुळे बापलेकांत कधी प्रश्नच आला नाही.

मग कोल्हापूरहून विश्वेशरावांचा फोन आला.

विश्वेशराव निवृत्त इंजिनियर. आवाज असा, की फोन कानापासून वीतभर लांब धरावा. "मेस्त्री, माझ्या नजरेचा मधला भाग गेलाय. कडेकडेचं दिसतं, मधोमध कुणीतरी अंगठा ठेवल्यासारखं. टेबलावर माझीच माणसं मला सापडत नाहीत हो! मागच्या डावात मी माझ्याच कप्तानावर तोफ डागली. सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येऊन फौज कपाटात ठेवली ती ठेवलीच. एवढी एक कप्तान पेटवून द्या मला. उजेड दिसतो मला, हिरवा तर चांगला दिसतो. कप्तान कुठे उभी आहे ते कळलं, की बाकीचे तिच्या आजूबाजूला असणारच. नाहीतर खेळ सोडला म्हणून समजा."

पाठोपाठ खोका आला. आत कापसात एक बाई. शिशाची, अंगठ्याएवढी, चिलखत घातलेली, केस वाऱ्यावर, हातात उगारलेली तलवार. सोबत पुन्हा फोन. "ती मी रंगवलेली शेवटची. डोळे जात होते तेव्हाच रंगवली. वाटेल ते करा, चेहऱ्याला हात लावू नका. बरा नाहीये तो, पण माझा आहे. आता दुसरा काही माझ्याच्याने व्हायचा नाही."

दत्तूने भिंग लावून बघितलं. चेहरा खरंच बरा नव्हता. उजवा डोळा जरा जास्तच उघडा होता, डावा थोडा खाली घसरलेला. पण डोळे होते, आणि ते सरळ दत्तूकडे बघत होते. आणि तार ओवायला त्याला आता हिचं मनगट कापायचं होतं.

एक आठवडा त्याने ती बाई नुसती या फळीवरून त्या फळीवर ठेवली. विश्वेशराव मुलीबरोबर गोव्याला जाताना वाटेत थांबून बाईला घेऊन जाणार होते, तो दिवस जवळ आला तेव्हा कुठे त्याने करवत हातात घेतली. कापताना दात आवळले, डोळे मिटायची सोय नव्हती. शिशाचा कीस पडला, तलवारीसकट मनगट सुटलं. बाई तशीच बघत राहिली. त्या बघण्याचं काय करावं हे न सुचून दत्तूने मनगट डबीत टाकलं, आणि बाईला, हात गेलेल्या माणसावर पांघरूण घालावं तसं, समोर सापडलेल्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं. मग सेल आणायला स्कूटर घेऊन देवगडला गेला.

फडकं तांबडं होतं.

दुपारी परत येऊन बघतो, तर फळी रिकामी. त्याने फळीखाली बघितलं, फळीमागे बघितलं, चपलेत बघितलं. छातीत असा काही हातोडा सुरू झाला, की किशोरी स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोण ठोकता काय?"

"गो, हयली बाय खंय गेली?"

"खंयची बाय?" किशोरी उलथनं घेऊनच बाहेर आली.

"फडक्यातली! विलायतची!"

खळ्यात, म्हणजे अंगणात, आरामखुर्चीत काशिनाथबाबा सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "ती मी कोंडीत घातलंय."

त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"सकाळी बघलंय, फळयेर तांबडा फडका. सोडून बघतंय तर डोळे उघाडलेले आणि हात मोडलेलो. मी म्हटलंय, झिलान घालूची म्हणान बांधून ठेवल्यान, पण कोंडीर जाऊक भिता. जन्मात कधी गेलो नाय तो थंय. म्हणान मीच काठी घेतलंय आणि जाऊन इलंय. जास्वंदीचा फूल व्हायलंय. बरी गेली, तळाक."

म्हातारा हे सांगताना किती समाधानी दिसत होता! गुडघे दुखत असताना मुलाची भीती आपल्या पायांवर घेऊन तो त्या घसरणीवरून उतरून आला होता. दत्तूला रागावताही येईना. त्याने खाली बसून डोकं धरलं आणि तुटक तुटक सगळं सांगितलं. नजर गेलेला माणूस, त्याने काढलेला शेवटचा चेहरा, आणि उद्या सकाळी तो घ्यायला येणार.

काशिनाथबाबांच्या हातातला अडकित्ता थांबला. "म्हंजे ती मोडलेली नाय? तूच मोडलंस?"

"जोडूक मोडलंय, बाबांनू."

"डोळे उघाडल्यार?"

दत्तू बोटाने जमिनीवर रेघा ओढू लागला.

"मेल्या," म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "माका आधी विचारूक तोंडात काय काजीचो बोंडू घातलेलंस?"

किशोरीने उलथनं खाली ठेवलं. "आता भांडान काय उपेग? ती शिशाची आसा ना? मगे व्हावान जावची नाय. घातलास थंयच आसतली. उठा! लवूक हाक मारा, दोरी घेवा."

कोंड घरामागे फार लांब नाही. पण दत्तू लहान असताना वडिलांनी त्याला पोहायला जाऊ नये म्हणून सांगून ठेवलं होतं, की कोंडीच्या तळाला सगळे भंगलेले देव बसलेले असतात आणि आपापले हातपाय शोधत असतात. म्हाताऱ्याला वाटलं, पोरगा मोठा झाला की विसरेल. पोरगा मोठा झाला, गोष्ट त्याच्याबरोबर मोठी झाली. भर दुपारी तिथे संध्याकाळसारखं असतं. वर बांबूचं बेट ओणवलेलं, खाली काळं, न हलणारं पाणी, त्यावर पिवळी पानं. काठावर दगडाला सकाळचं जास्वंदीचं फूल अडकलेलं होतं, तेवढंच तांबडं. पाणी शांत होतं, आणि झोपलेल्या कुत्र्याबद्दल त्याचं मत आपल्याला ठाऊक आहेच.

लवूने त्याच्या कमरेला दोर बांधला. "मी उतारतंय रे. तू काठार बस."

दत्तूने नकाराची मान हलवली. लवूचे पाय म्हणजे होडीची वल्ही. त्याने तो तळ असा ढवळला असता, की कप्तानच काय, तिची अख्खी पलटण चिखलात गेली असती. हे काम हाताच्या बोटांचं होतं, आणि तसली बोटं वाडीत एकाच माणसाला होती. दुर्दैवाने ती दत्तूच्या अंगाला जोडलेली होती.

"थांब," काशिनाथबाबा म्हणाले. "अशी परत मागाची नाय. गाऱ्हाणा घालूक व्हया." त्यांनी काठी दगडाला टेकली, हात जोडले आणि गणपतीची शाळा सुरू करताना लावतात तसला आवाज लावला. "बा म्हाराजा, कोंडीच्या राखणदारा! आज ही लेकरा तुझ्या काठार हुभी आसत, त्येंचा आयक म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लवू आणि किशोरी म्हणाली.

"सकाळी जी काय विलायती बाय तुझ्या पदरात घातली, ती ह्या म्हाताऱ्याच्या हातसून चुकीन घातली गेली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ती लोकांची वस्तू. तिका ठेवन घेवन तुका तिचो काय उपेग नाय म्हाराजा. तिका मालवणी पण येणा नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"माझो झील भित्रो आसा. तरी तेका पाण्यात धाडतंय. तेका भियावू नको, तेचो पाय धरू नको, आणि धरलंसच तर सोड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी सगळ्यांत मोठा आवाज दत्तूचा होता.

आणि तो उतरला. घोट्याच्या वर पाणी आलं तेव्हा त्याने डोळे गच्च मिटले. गुडघ्यांवर आलं तेव्हा उघडले, कारण मिटलेल्या डोळ्यांपुढे जे दिसत होतं ते जास्त वाईट होतं. पाणी कमरेला लागलं. थंड, जड, कुजलेल्या पानांच्या वासाचं. खाली वाकून हनुवटी पाण्यात बुडवली तेव्हा कुठे हात तळाला लागले. मऊ चिखल, खडी, मुळं. प्रत्येक मूळ बोट वाटत होतं. तो बोटांनी इंचाइंचाने तळ चाचपत निघाला आणि तोंडाने अखंड पुटपुटत होता, "जोडूक मोडलंय, म्हाराजा, जोडूक मोडलंय."

आणि कुणीतरी त्याच्या हातात हात दिला.

पाच बोटं, तळवा, मनगट. थंडगार. दत्तूने जी किंकाळी फोडली, तिने बांबूच्या बेटातली वटवाघळं उडाली. लवूने घाबरून दोर ओढला आणि दत्तू मागच्या मागे पाण्यात गेला, वर आला, पुन्हा गेला. वर आला तेव्हा त्याच्या मुठीत एक पांढरा हात होता, आशीर्वाद देणारा. कुणा बाहेरच्याने गुपचूप आणून सोडलेल्या प्लास्टरच्या गणपतीचा. आपल्याकडचे मातीचे विरघळून जातात. हा बिचारा आशीर्वाद देत तसाच बसला होता.

"हात गावलो काय?" किशोरी काठावरून ओरडली. स्वतःचाही आवाज चिरकला होता तिचा. "मगे भिता कित्याक? आशीर्वाद दिल्यान ना? बघ आता फुडे!"

दत्तूला तिथून पळायचं होतं. सगळं अंग काठाकडे ओढ घेत होतं, दात वाजत होते. पण ती घसरलेल्या डोळ्याची बाई तिथेच कुठेतरी पडून वर बघत असणार हा विचार त्याहून भयंकर होता. काठावर चढलो आणि ती इथेच राहिली, तर उद्या त्या माणसाला काय सांगायचं? तो वळला. एक पाऊल टाकलं आणि टाचेत काहीतरी कचकन रुतलं. तोल सावरताना सगळा भार त्याच पायावर आला, खाली खडी करकरली. हात घालून बघितलं. फडकं पाण्यात कधीच सुटून गेलं होतं आणि कापलेल्या हाताचं टोक टाचेत रुतलं होतं. कप्तानबाई सापडली होती. दत्तू तिच्यावर उभा होता.

घरी आणून, पुसून, भिंगाखाली धरली. वरून वार्निश होतं म्हणून रंग टिकला होता. चिलखत जसंच्या तसं, केस तसेच. दत्तूचा श्वास मोकळा होतो न होतो तोच भिंग चेहऱ्यावर गेलं. डावा डोळा होता. उजव्याच्या जागी शिशाचा नुसता चकचकीत ओरखडा होता. त्याच्या टाचेने आणि व्हाळाच्या खडीने मिळून, नजर गेलेल्या माणसाने जीव तोडून काढलेला डोळा खरवडून टाकला होता.

दत्तूने भिंग खाली ठेवलं.

मग किशोरी जवळ येऊन बसली. "पंचवीस वर्सा डोळे काढतस. काढ एक आणि गप रव. तेंका खंय दिसता?"

हे तिने वाईट बुद्धीने सांगितलं नव्हतं. दत्तूला पटलंही होतं, पटलं म्हणूनच तो घाबरला. त्याने अगदी बारीक कुंचला उचलला, रंगात बुडवला, आणि बाईच्या उरलेल्या एका डोळ्याने त्याच्याकडे बघितलं. कुंचला परत पाण्यात गेला. दोन्हीकडे आग होती. सांगितलं तर तो माणूस कोसळणार. नाही सांगितलं, तर पुढच्या प्रत्येक फोनला दत्तूला वाटणार की कळलं, आज कळलं! दत्तूला फोनची भीती मुळातच काही कमी नव्हती.

त्याने फक्त तलवारीचं काम पुरं केलं. हाताच्या ड्रिलने मनगटातून खांद्यात, खांद्यातून पायात भोक पाडलं, तार ओवली, डबीतलं मनगट परत जोडलं, दिवा बसवला, तंगुसाचं पातं चिकटवलं. चिलखतावर, केसांच्या कडांवर हिरवा खोटा उजेड सांडला. चेहरा सोडला.

सकाळी गाडी आली. विश्वेशराव उतरले. उंच, पांढऱ्या मिशा, एक हात मुलीच्या, गौरजाच्या खांद्यावर. शाळेत शिरताच मान कोंबडीसारखी तिरकी करून त्यांनी चहूकडे नजर फिरवली, कारण कडेचंच काय ते दिसायचं. "मेस्त्री कुठे आहेत?"

"हा इथेच आहे, साहेब," दत्तू खांबाआडून म्हणाला. साहेब माणसाशी तो पुस्तकातली मराठी बोलतो आणि तीही घाबरून बोलतो.

त्याने खिडकी लावली, फळीवरच्या पाच-पंचवीस राक्षसांत कप्तानबाईला उभं केलं आणि चकतीखालचं बटण दाबलं. तलवार पेटली. विश्वेशरावांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, आणि एकदम थांबले. हात लांब करून त्यांनी नेमकं बोट ठेवलं, पात्याच्या टोकापासून नखभर अंतरावर.

"ही!" ते ओरडले. "गौरजा, ही बघ! ही इथे आहे!"

गौरजाने तोंड फिरवून डोळे पुसले. किशोरी दारातून दत्तूला खुणावत होती, झालं, गप रव आता. आणि नेमकं त्याच क्षणी दत्तूचं तोंड उघडलं. शौर्याचा यात काही संबंध नव्हता. भीती पोटात मावेनाशी झाली होती एवढंच.

"साहेब, एक गोष्ट आहे. म्हणजे नव्हती, पण झाली. तिचा उजवा डोळा गेला. माझ्या पायाखाली गेला. त्याच्याआधी ती पाण्यात होती."

"पाण्यात?" गौरजा वळली. "पाण्यात कशी? बाबांनी किती दिवस लावून रंगवली होती ती, माहीत आहे तुम्हाला? एवढंच सांगितलं होतं, चेहऱ्याला हात लावू नका!"

"हात नाय लावला," दत्तू म्हणाला. "पाय लागला." आणि हे आपण काय बोललो ते कळून त्याने भिंतीला पाठ लावली.

"मी घातलंय पाण्यात," कोपऱ्यातून काशिनाथबाबा उठले. "डोळे उघाडलेली, हात मोडलेलो. भंगली म्हणान घातलंय. टाकूक नाय हां, बाय. फूल व्हावन घातलंय."

विश्वेशराव अजून पेटत्या तलवारीकडे तिरके बघत होते. चेहऱ्यावरचं काही समजत नव्हतं.

"कसलं फूल?" त्यांनी विचारलं.

"जास्वंदीचा."

"हं." मोठा श्वास घेऊन ते खाली पाटावर बसले. मग म्हणाले, "उजवा ना? तो मला जमला नव्हता. फार उघडा झाला होता."

"होय, साहेब. जरासा."

"तसाच काढा. सुधारू नका. चुकला होता तसाच चुकवा. आत्ता, माझ्यासमोर."

देवाचे सुंदर डोळे त्याने हजारो काढले असतील. चुकलेला डोळा चुकल्यासारखा काढणं त्याला कोणी शिकवलं नव्हतं. "पण बाबांनू," त्याने शेवटची फट शोधली, "डोळे काढताना शाळेत कोण ऱ्हवणत नाय ना? कायदो आसा ना?"

काशिनाथबाबांनी विचार केला. मग किशोरीला आणि गौरजाला काठीने बाहेरची वाट दाखवली आणि विश्वेशरावांकडे बघून म्हणाले, "हे रवांदेत. हेंका खंय दिसता?"

गौरजाचा चेहरा पांढरा पडला. पण विश्वेशराव असे हसले, की फळीवरचे राक्षस हलले. "बरोबर आहे, आजोबा! मी कायद्यात बसतो!"

काशिनाथबाबांनी स्वतःही बाहेर जाऊन दार लोटलं. हिरव्या उजेडात दत्तूने कुंचला उचलला.

"वरची पापणी आधी," अंधारातून आवाज आला. "मी तिथेच घाबरलो होतो."

"मी पण तिथेच आहे, साहेब," दत्तू म्हणाला आणि कुंचला टेकवला.

गाडी गोव्याच्या रस्त्याला लागली. बांदा येईपर्यंत दत्तूचे दोन फोन येऊन गेले होते. बाई आडवी तर ठेवली नाही ना? उन्हात तर नाही ना? तिसऱ्या फोनला विश्वेशराव म्हणाले, "मेस्त्री, ती माझ्या मांडीवर आहे. पेटलेली आहे. आणि मी विझवणार नाहीये."

दत्तूने फोन ठेवला आणि पायरीवर बसून टाचेच्या पट्टीकडे बघत राहिला. किशोरी कुळथाची पेज घेऊन आली. "सगळा बरा झाला ना? मगे आता कसलो भिया?"

"सेल संपतलो गो," दत्तू म्हणाला.